तुम्ही विचारलंत म्हणून : शाळेत व्हायोला कशाला?

पालकसभेत, शाळेच्या फाटकाशी, परवा तर कालिदास कलामंदिराच्या पायऱ्यांवरही तेच. "मॅडम, व्हायोलिन ठीक आहे, पण व्हायोला कशाला? त्यावर सोलो तर वाजत नाही ना?"

वाजतो. व्हायोला म्हणजे व्हायोलिनसारखंच, पण थोडं मोठं आणि खालच्या सुराचं वाद्य. मोझार्टनं १७७९ मध्ये व्हायोलिन आणि व्हायोला यांना बरोबरीनं पुढे उभं करणारी रचना केली. स्वतः चौघांत वाजवायला बसला की तो आवडीनं व्हायोला घ्यायचा. चेक संगीतकार ड्व्होर्झाकनं प्रागच्या नाट्यगृहात व्हायोला वाजवून पोट भरलं. ही नावं मला तोंडपाठ आहेत. पण ज्या दिवशी आठवायला हवी होती, त्या दिवशी आठवली नाहीत.

आठवीतला मुलगा होता. आवाज फुटायला लागल्यावर समूहगानातून आपणच बाहेर पडला. व्हायोलिनवर बोटं अडखळायची म्हणून मी त्याला व्हायोला दिला. व्हायोलाला व्हायोलिनची वरची ई ही बारीक तार नसते, खाली सी ही जाड तार असते. ती तार त्यानं पहिल्यांदा पूर्ण गजानं ओढली आणि हात थांबवून लाकडावर कान टेकवला. त्याचा नवा आवाज साधारण तिथेच लागत होता. महिन्याभरात तो सर्वांच्या आधी येऊन सूर लावून बसायला लागला.

स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी विचारलं, हा मागे का? मी म्हणाले, "त्याला व्हायोलिन जमत नाही सर, म्हणून व्हायोलावर टाकलाय." तो दारातच होता, हजेरीचं रजिस्टर घेऊन.

त्या दिवशी तालीम संपल्यावर त्यानं गजाचे केस सैल केले, तारांवरची रोझिनची, म्हणजे गजाला लावायच्या राळेची, पूड फडक्यानं पुसली, पेटीच्या दोन्ही कड्या लावल्या. सगळं मी शिकवलं तसं. पुन्हा आला नाही. घरी फोन केला, आई म्हणाली अभ्यास वाढलाय. मी तेवढ्यावर फोन ठेवला.

"टाकलाय" हा शब्द माझाच. तुमच्यावर चिडते तेव्हा तो मला ऐकू येतो. तेव्हाची मी म्हणेल, चौदा मुलांत एकटी बाई, वेळ कुठे होता? वेळ नव्हता हे खरं. पण मीसुद्धा व्हायोला म्हणजे मागची रांगच समजत होते, हेही खरं.

तरी सांगते, व्हायोला शाळेत हवाच. आपली मुलं प्रार्थनेपासून समरगीतापर्यंत सगळी मिळून एकच चाल गातात. शेजारी दुसरा सूर चालू असताना आपला न सोडणं त्यांना कुठेच शिकायला मिळत नाही. व्हायोलावाल्याला पहिल्या धड्यापासून तेच करावं लागतं. वर व्हायोलिनची चाल, खाली चेलो हे जाड आवाजाचं वाद्य, आणि याच्याकडे बहुतेक वेळा लोकांच्या लक्षात राहणार नाही असा मधला सूर. तो गळला की धून तीच राहते, पण पोकळ वाटते. पालकांना ऐकवायला मी एकदा मुद्दाम व्हायोला गप्प ठेवून वाजवून घेतलं. दोघांना फरक कळला, बाकीचे मोबाइलवर चित्रण करत होते.

तो मुलगा दोन वर्षांनी गणपतीच्या मिरवणुकीत दिसला, ढोलपथकात. मधल्या रांगेत, ठेका घट्ट धरून. मला पाहिलं त्यानं. हात थांबला नाही.

यंदा जूनमध्ये पुन्हा तीन व्हायोला वाटायचे आहेत. कुणाची बोटं लांब आहेत ते बघेन. कोण मागे पडतंय तेही बघितलं जातंच, ते अजून थांबवता आलेलं नाही.