सूज, गाठ आणि मॅक्रोफेज

ठाण्यातील एका प्रयोगशाळेत मी पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करते आणि माझ्या कामाचा बराचसा भाग बायॉप्सीचे नमुने तपासण्याचा असतो. माझा व्यवसाय कळला की सोसायटीतील शेजारी असोत वा नातेवाईक, बहुतेकांचा प्रश्न ठरलेला असतो : प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी काय घ्यावे? करोनाच्या काळात काढे आणि गोळ्या घरोघरी पोहोचल्यापासून तर हा प्रश्न अधिकच ऐकू येतो. मला मात्र तो प्रश्नच चुकीचा मांडलेला वाटतो. सूक्ष्मदर्शकाखाली प्रतिकारशक्तीचे मोजमाप दिसत नाही. कोणत्या पेशी कोठे जमल्या आहेत आणि तेथे त्या काय करत आहेत, एवढेच दिसते. मॅक्रोफेज, म्हणजे जंतू आणि मृत पेशी गिळणाऱ्या महाभक्षी पेशी, हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे.

या पेशींचा अभ्यास 1882 साली सिसिलीतील मेसिना येथे सुरू झाला. प्राणिशास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळ्यांमध्ये बारीक काटे खुपसले आणि भटक्या पेशी त्या काट्यांभोवती गोळा झालेल्या त्यांना दिसल्या. या कार्यासाठी 1908 मध्ये त्यांना पाउल एरलिख यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळाले. योगायोग असा की त्याच 1882 च्या मार्च महिन्यात रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले होते, आणि हा जंतू नेमका मॅक्रोफेजच्याच पोटात तग धरून राहतो.

आपल्याकडे मानेतील लसीकाग्रंथीच्या बायॉप्सीत क्षय वारंवार आढळतो. मध्यभागी पनीरसारखा भुसभुशीत मृत भाग, त्याभोवती रूप पालटलेले मॅक्रोफेज, काही ठिकाणी अनेक मॅक्रोफेज एकमेकांत मिसळून झालेल्या बहुकेंद्रकी महाकाय पेशी आणि बाहेरून लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचे कडे, अशी ही रचना असते. जंतू अनेकदा पूर्णपणे मरत नाहीत, परंतु कोंडले जातात. ही कोंडी टिकवण्यासाठी टीएनएफ-अल्फा हे सूज वाढवणारे प्रथिन आवश्यक असते, आणि ते प्रामुख्याने मॅक्रोफेजच स्रवतात. हेच प्रथिन संधिवाताभ आजारात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) सांध्यांच्या आवरणात सतत स्रवत राहिले की कूर्चा आणि हाड झिजते. म्हणून अशा रुग्णांना अडालिमुमॅबसारखी टीएनएफ रोखणारी औषधे दिली जातात. मात्र ती सुरू करण्यापूर्वी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची चाचणी करतात, कारण सांधे वाचवताना फुप्फुसातील जुनी कोंडी फुटण्याचा धोका असतो. एकाच रुग्णाच्या शरीरात एके ठिकाणी जी सूज उपद्रवी असते, तीच दुसऱ्या ठिकाणी संरक्षक असते. अशा रुग्णाने प्रतिकारशक्ती ‘वाढवावी’ म्हणजे नेमके काय करावे?

फुप्फुसांतील मॅक्रोफेज श्वासाबरोबर आलेले कण गिळतात. घोडबंदर रस्त्यासारख्या वाहत्या रस्त्यालगत आयुष्य काढणाऱ्या शहरी माणसाच्या फुप्फुसाच्या नमुन्यात कार्बनने काळवंडलेल्या या पेशी दिसणे इतके नित्याचे आहे की अहवालात त्यावर फार शब्द खर्च होत नाहीत.

यकृताची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. तेथे कुप्फर पेशी या नावाने ओळखले जाणारे मॅक्रोफेज कायम वस्तीला असतात. चरबी, मद्य किंवा हिपॅटायटिसचे विषाणू यांमुळे यकृतपेशी मरू लागल्या की रक्तातील मोनोसाइट या पांढऱ्या पेशी तेथे येतात, त्यांचेही मॅक्रोफेज बनतात आणि त्यांच्या संदेशांमुळे यकृतातील तारकापेशी कोलॅजेन या प्रथिनाचे धागे तयार करू लागतात. जखम थोडक्यात आटोपली तर हे धागे विरून जातात. ती वर्षानुवर्षे चालू राहिली तर तंतुमयता वाढत सिऱ्होसिसपर्यंत जाते, आणि आम्ही ती अहवालात एफ-0 (तंतुमयता नाही) ते एफ-4 (सिऱ्होसिस) अशा पायऱ्यांनी नोंदवतो. उंदरांवरील एका प्रयोगाचे निष्कर्ष 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. यकृताला इजा होत असताना मॅक्रोफेज काढून टाकले तेव्हा व्रण कमी झाला; इजा थांबवल्यानंतर, यकृत सावरत असताना काढून टाकले तेव्हा मात्र व्रण विरघळणे मंदावले. व्रण घडवण्यास हातभार लावणाऱ्या आणि तो विरघळवणाऱ्या पेशी एकाच कुळातील निघाल्या. फरक होता तो वेळेचा. सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ आल्यावर वजन आणि मद्य यांवर डॉक्टर एवढा भर देतात त्यामागे हेच आहे : इजेचे कारण थांबल्याखेरीज या पेशी दुरुस्तीकडे वळत नाहीत.

कर्करोगाच्या गाठीतही पांढऱ्या पेशी असतात, हे रुडॉल्फ फिर्खो यांनी 1863 मध्येच नोंदवले होते. पुढे 1986 मध्ये हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी गाठ म्हणजे न भरणारी जखम होय, असा विचार मांडला, आणि मला तो अजूनही सर्वांत नेमका वाटतो. गाठीतील अनेक मॅक्रोफेज जखम भरण्याचेच काम करत राहतात : नव्या रक्तवाहिन्यांना चालना देतात आणि कर्कपेशींना मारू शकणाऱ्या टी-पेशींना आवर घालतात. जेथे जखमच नाही तेथे या कामाचा लाभ गाठीला होतो. टी-पेशींवरील हा लगाम सोडवणाऱ्या उपचारांच्या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना 2018 चे नोबेल मिळाले. ही औषधे द्यावीत की नाही हे ठरवताना काही कर्करोगांत आम्ही पीडी-एल1 या टी-पेशींना रोखणाऱ्या प्रथिनाची चाचणी करतो, आणि तिच्या सीपीएस या गुणांकात कर्कपेशींबरोबर हे प्रथिन दाखवणारे मॅक्रोफेज आणि लिम्फोसाइटही मोजावे लागतात. लगाम सुटला की आतडे, थायरॉइड, क्वचित हृदयाच्या स्नायूवरही हल्ला होऊ शकतो, हे रुग्णाला आधीच सांगितलेले बरे.

नव्या मुंबईत, खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कर्करोग केंद्रात, 4 जून 2021 रोजी भारतातील पहिली कार-टी पेशी उपचारपद्धती रुग्णाला देण्यात आली. ती आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून विकसित केली होती. या उपचारात रुग्णाच्याच टी-पेशींमध्ये बदल करून त्या परत सोडतात, आणि त्या कामाला लागल्या की तीव्र ताप, रक्तदाब घसरणे अशी प्रतिक्रिया येऊ शकते. त्या प्रतिक्रियेतील इंटरल्युकिन-6 हे सूज भडकवणारे प्रथिन मोठ्या प्रमाणात टी-पेशींकडून नव्हे, तर मोनोसाइट आणि मॅक्रोफेजकडून येते, असे 2018 मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले. त्यामुळे इंटरल्युकिन-6 चा ग्राही (ते पेशीला जेथे चिकटते ती जागा) अडवणारे टॉसिलिझुमॅब, ज्यासाठी 2021 मध्ये करोना रुग्णांचे नातेवाईक वणवण फिरत होते, तेच औषध कार-टी देण्यापूर्वी हाताशी ठेवले जाते.