तुम्ही विचारलंत म्हणून : अर्ज कुठे करू?

"ताई, तुलनात्मक राजकारण शिकायचं आहे, एखाद्या प्रदेशावर भर देऊन. अर्ज कुठे करू?" पांढरकवड्याच्या बसस्टँडवर, लग्नाच्या मांडवात, फोनवर, हा प्रश्न मला नेहमी येतो. मुलांना विद्यापीठांची यादी हवी असते. मी आधी विचारते, तुला नेमकं काय शोधायचं आहे?

माझा प्रश्न घरातच होता. बाबा कापसाने भरलेली बैलबंडी घेऊन संकलन केंद्रावर जायचे, रात्र रांगेत काढायचे. ग्रेडर प्रत ठरवायचा आणि चुकाऱ्याची वाट बघण्यात महिने जायचे. 1972 पासून आपल्याकडे महाराष्ट्रात सरकारची एकाधिकार खरेदी होती, कापूस दुसऱ्या कुणाला विकायची सोय नाही. पुढे वाचनात आलं की पश्चिम आफ्रिकेतल्या मालीतही शेतकऱ्यांचा कापूस सरकारचा मोठा वाटा असलेली एकच कंपनी घ्यायची. 2000 साली तिथल्या शेतकऱ्यांनी भाव परवडत नाही म्हणून पेराच नाकारला. त्या हंगामात उत्पादन जवळजवळ निम्म्यावर आलं. आमच्याकडे मोर्चे निघाले, रस्ते अडवले गेले, पण पेरा थांबलेला मी पाहिला नाही. खरेदीची पद्धत इतकी सारखी, मग शेतकरी इतके वेगळे का वागले? हे शोधणं म्हणजेच तुलनात्मक राजकारण.

प्रश्न ठरला की भाषा आपोआप ठरते. मालीतले सरकारी कागद फ्रेंचमध्ये, बाजारातलं बोलणं बांबारात. म्हणून विभाग निवडताना मी सगळ्यात आधी बघते, तिथे ती भाषा शिकायची सोय आहे का आणि त्या प्रदेशात जाऊन राहायला पैसे मिळतात का.

दुसरं, मार्गदर्शक. इथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे. एका विभागाचं नाव ऐकून प्रवेश घेतला. माझ्या प्रदेशावर काम करणारे तिथले एकमेव प्राध्यापक त्याच वर्षी निवृत्त झाले होते, हे पोहोचल्यावर कळलं. वर्ष वाया गेलं. तेव्हा अर्जाआधी ईमेल करा, नवे विद्यार्थी घेता का ते स्पष्ट विचारा. आणि त्या प्रदेशावर किमान दोघं तरी काम करणारे असावेत.

आपल्या देशात दिल्लीच्या जेएनयूतल्या आंतरराष्ट्रीय अध्ययन संस्थेत प्रदेशवार केंद्रं आहेत. तिची मूळ संस्था 1955 सालची. मुंबई विद्यापीठात आफ्रिका अध्ययन केंद्र आहे. पण प्रदेशाचं केंद्र आणि राज्यशास्त्राचा विभाग यांत फरक असतो. केंद्रात इतिहास, भाषा, समाज सगळं खोलवर मिळतं. तुलना कशी करायची, आकडेवारी कशी वापरायची, ते विभागात पक्कं होतं. प्राध्यापकी करायची असेल तर विभागात नाव घाला आणि केंद्रात तासांना बसा, असं माझं मत आहे.

परदेशाचं म्हणाल तर पैशाचा हिशेब आधी. अमेरिकेत पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं लागतात, पण चांगल्या ठिकाणी फी माफ असते, वर विद्यावेतन मिळतं, आणि बऱ्याच ठिकाणी आधी एम.ए. लागत नाही. ब्रिटनमध्ये तीन-चार वर्षांत होते; मात्र विषय आणि मार्गदर्शक अर्ज करतानाच ठरलेले लागतात. वावर गहाण ठेवून परदेशात एम.ए. करायला जाऊ नका, हे मी हात जोडून सांगते.

परवा झरीची एक मुलगी आली होती. घरी सोयाबीन, आणि तिला जाणून घ्यायचं होतं की ब्राझीलमधल्या सोयाबीनवाल्यांचं तिथल्या संसदेत एवढं वजन कसं. यादी तिने मागितलीच नाही. आम्ही दोघींनी बसून पोर्तुगीजचा पहिला धडा उघडला.