उजवा पंख का कलत होता: चार दोऱ्यांच्या पतंगाची नोंद, जून ते ऑगस्ट

हा पतंग मे महिन्यात वापरलेला घेतला. रेव्ह (रेव्होल्यूशन) पद्धतीचा आहे, म्हणजे दोन्ही हातांत एकेक हँडल आणि प्रत्येकाला वरची-खालची अशा दोन दोऱ्या. लीडिंग एजमध्ये (पंखांच्या वरच्या कडेत) तीन काड्या, उभ्या दोन, म्हणजे एकूण पाच. पंखांची रुंदी साधारण पावणेआठ फूट. दोऱ्या १२० फुटी, ९० पौंडांचा ताण सोसणाऱ्या. सॅन डिएगोच्या हॅझिकी भावंडांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस ही रचना आणली. पतंग हवेत जागच्या जागी थांबवायचा, उलटा मागे न्यायचा, आडवा सरकवायचा, हे सगळं ज्या एका आकारातून येतं तो आकार मला अजूनही थक्क करतो. पण आकार दोन्ही बाजूंना सारखा असला तरच तो ऐकतो, आणि माझा ऐकत नव्हता.

दोष असा होता. नाक वर ठेवून पतंग थांबवला की मनात सात मोजेपर्यंत स्थिर, मग उजवा पंख हळूहळू खाली यायचा. मनगटं एकसारखी दुरुस्ती करत राहायची. मागे आणताना तर उजव्या अर्ध्या भागाची खालची कड फर्रर वाजायची आणि पतंग तिरका व्हायचा. डावी बाजू मात्र गप्प.

मी कॅलिफोर्नियात बर्कलीच्या सेझर चावेझ पार्कमध्ये उडवतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट सामुद्रधुनीतून येणारा वारा उन्हाळ्यात दुपारनंतर खाडीवरून सरळ अंगावर येतो. बाग जुन्या कचराभूमीवर माती टाकून केलेली असल्यामुळे मध्ये टेकाडं आहेत आणि त्यांच्या मागे वारा गढूळ होतो. म्हणून आधी जागा बदलून पाहिली. पश्चिमेच्या कडेला, पाण्याकडे तोंड करून, जिथे वारा स्वच्छ मिळतो तिथे उभा राहिलो. तिथेही सातव्या आकड्याला तेच. म्हणजे वाऱ्याचा दोष नव्हता.

लहानपणापासून हाताला संक्रांतीचं वळण आहे. पतंग एका बाजूला कलला की पहिला हात कन्नीला जातो, आणि तरीही ऐकला नाही तर हलक्या बाजूला चिंधी. त्याच वळणाने इथेही आधी ब्रायडल (या पतंगाची कन्नी) मोजलं. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या निघाल्या. मग दोऱ्या. जमिनीत खुंटी ठोकून चारही टोकं तिच्यात अडकवली आणि दुसऱ्या टोकाला एकत्र ताणून पाहिली. उजवी खालची दोरी अर्धा इंच लांब भरली. ती सारखी केल्यावर सातचे अकरा झाले. अर्ध्या इंचाने चार आकडे मिळाले म्हणून आनंद झाला, पण फरफर तशीच राहिली.

जूनच्या मध्यावर संशय काड्यांवर गेला. वापरलेल्या पतंगात कोणी कधी काय बदललं असेल ते कळत नाही. दोन खुर्च्यांच्या पाठींवर काडी आडवी ठेवली, मध्यभागी अर्धा लिटर पाण्याची बाटली दोऱ्याने टांगली आणि काडी किती खाली वाकते ते पट्टीने मोजलं. टेकूंमधलं अंतर दर वेळी ७६ सेंटीमीटर ठेवलं, कारण त्यात थोडा बदल झाला तरी आकडे फसवतात. पाचही काड्या तीन वेढ्यांच्या (कार्बनचं कापड तीनदा गुंडाळून केलेल्या) आणि सगळ्यांचा झोल १० ते ११ मिलीमीटर. एकही काडी वेगळी नव्हती. तिथेच थांबायला हवं होतं, पण मी चार वेढ्यांचा संच मागवला. त्यांचा झोल ८ मिलीमीटर भरला.

कडक काड्यांनी जोराच्या वाऱ्यात पतंग छान ताठ राहिला, पुढे जाताना रेष सरळ आली. मागे नेताना मात्र वेग वाढला आणि उजवीकडची फरफर उलट मोठी झाली. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. काडी कडक केली की कापडातला दोष झाकला जात नाही, तो आणखी स्पष्ट ऐकू येतो.

मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरवून बसलो. उभ्या काड्या डावी-उजवी अदलाबदल केल्या, दोष उजवीकडेच. दोन्ही हँडल दोऱ्यांसकट अदलाबदल केली, दोष उजवीकडेच. जे काही होतं ते कापडात किंवा कापडाच्या ताणात होतं.

घरी येऊन सगळ्या काड्या काढल्या, पतंग मध्यभागी घडी घालून फरशीवर पसरला आणि डाव्या पंखावर उजवा बेतून ठेवला. शिवण शिवणीवर बसली. उभ्या काडीच्या खालच्या टोकाला जी बंजी (ताणली जाणारी रबरी दोरी) असते, ती काडीच्या टोपणाच्या खाचेत ओढून बसवतो, तिथे बघतो तर उजवीकडचा फास डाव्यापेक्षा ९ मिलीमीटर लांब! बोटात धरून ओढला तर डावा चटकन मागे यायचा, उजवा सावकाश. आतलं रबर थकलेलं, वरची वीण एका जागी विसविशीत. काडी लावली की कापड ताणल्यासारखं दिसायचं, म्हणून इतके दिवस नजर फसली. वारा भरला की तेच टोक सुटायचं आणि उजव्या अर्ध्यात जास्त फुगा यायचा.

चारही टोकांच्या बंज्या बदलल्या. फक्त उजवी खालची बदलली असती तर नवी एक आणि जुन्या तीन असा नवा असमतोल झाला असता. कापलेली टोकं लायटरने अलगद वितळवून घेतली. गाठ साधीच. ती बंजी ओली करून सैल बांधायची, गोधडीचं दाभण गाठीत घालून हवी त्या खुणेपर्यंत सरकवायची आणि मगच आवळायची. आवळताना गाठ स्वतःहून दोन-तीन मिलीमीटर पुढे जाते, तेवढं आधीच धरून चालायचं. पहिल्या दोन गाठी त्यामुळे चुकल्या आणि कापून टाकाव्या लागल्या. दोन्ही फास शेजारी ठेवून पट्टीने मोजले तेव्हा एक मिलीमीटरच्या आत सारखे आले.

आता ताण किती ठेवायचा हा प्रश्न. पहिल्या दिवशी हौसेने जास्त ठेवला. वारा नसतानाच उभ्या काड्या धनुष्यासारख्या वाकल्या, कापडावर काडीच्या दोन्ही बाजूंना उभ्या सुरकुत्या आल्या, आणि हलक्या वाऱ्यात पतंग उठेना, कारण त्याचं पोटच गेलं होतं. सुरकुती ज्या दिशेने धावते त्या दिशेचा ताण जास्त, हे एकदा कळलं की कापड वाचता येतं. उभी सुरकुती असेल तर उभी बंजी सैल करायची. लीडिंग एजला समांतर असेल तर पंखांच्या टोकांची. सध्या मी असं ठेवलंय: पतंग उभा टेकवला की काडी सरळ, कापड सपाट, आणि खालच्या कडेवर टिचकी मारली तर दोन्ही बाजूंना सारखा आवाज. कान पट्टीपेक्षा लवकर फरक सांगतो.

कडक काड्या लीडिंग एजमध्ये ठेवल्या, उभ्या जागी जुन्या तीन वेढ्यांच्या परत आणल्या. ही मिसळ मला सगळ्यात आवडली. वरची कड ताठ राहते आणि झुळूक वाढली की खालचा भाग थोडा श्वास घेतो. काड्या बदलल्यावर ताण पुन्हा तपासावा लागला, कारण टोपण बसवल्यावर जुन्या काड्या नव्यांपेक्षा किंचित आखूड भरल्या. उजवी गाठ दोन मिलीमीटर आत घेतली.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी, दुपारी तीनच्या सुमारास, वरच्या दोऱ्या हँडलच्या एक गाठ बाहेर घेऊन ब्रेक (खालच्या दोऱ्यांचा ओढा) थोडा वाढवला आणि पतंग उचलला. नाक वर, स्थिर. सात गेले, अकरा गेले, चाळीसला मी मोजणं सोडलं. मागे आणला तर सरळ खाली, आवाज नाही. मग उलटा केला, नाक गवतापासून तीन फुटांवर. बावीसपर्यंत टिकला आणि झुळूक आली तशी डावी बाजू जराशी वर गेली.

आता तेवढंच राहिलंय. पुढच्या वेळी फक्त पंखांच्या टोकांच्या बंज्या अर्धा-अर्धा मिलीमीटर सैल करून बघणार आहे, बाकी कशालाही हात लावणार नाही.