ताम्हिणीतून दिवेआगर–श्रीवर्धन: सायकलवाल्यांसाठी वाऱ्याचा हिशेब

पुण्याहून श्रीवर्धनला सायकलने जायचं म्हटलं की सगळे ताम्हिणीची धास्ती घेतात. पण जाताना ताम्हिणी म्हणजे उतार. या वाटेवर खरा दमवतो तो खारा वारा. ऊन चढून जमीन तापली की अकराच्या सुमारास तो समुद्राकडून सुटतो आणि दुपारभर जोर धरतो. किनाऱ्याकडे निघालेल्याला तो थेट छातीवर. म्हणून मुक्काम किलोमीटरपेक्षा घड्याळ बघून ठरवावेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

पहिला दिवस पुणे ते माणगाव, साधारण १०० किलोमीटर. चांदणी चौकातून साडेपाचला निघा, म्हणजे भूगाव–पिरंगुटची गर्दी लागायच्या आत पुढे सटकता येतं. नाश्ता पौडला उरकून तिथेच दोन्ही बाटल्या भरा. मुळशीच्या जलाशयाकडेचा रस्ता सतत वरखाली होतो. इथे मोठ्या गिअरवर जोर काढलात तर पुढे मांड्या बोलतात. गिअरच्या चकत्यांमध्ये पुढे ३४ आणि मागे ३२ दातांची जोडी असली की सगळे चढ बसून निघतात.

निवे सोडलं की दाट झाडी आणि मग घाट. विळ्यापर्यंत पाचशे मीटरांहून जास्त उतरायचं आहे. रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडेला पॅड घासून थांबवणारे ब्रेक, असतील तर सतत दाबून धरू नका. रिम तापते आणि आतली ट्यूब फुटू शकते. वळणाआधी वेग कमी करा, वळणात ब्रेक सोडा, मध्ये एकदा थांबून रिम निवू द्या. पॅडवरच्या खाचा पुसट झाल्या असतील तर ते पुण्यातच बदला. पावसाळ्यानंतर वळणांच्या आतल्या बाजूला बारीक खडी साचते आणि सावलीत ती दिसतही नाही. घाटात मोबाइलला रेंज धड मिळत नाही, तेव्हा जास्तीची ट्यूब, पंक्चर किट आणि पंप प्रत्येकाकडे हवाच.

दुसऱ्या दिवशी माणगावहून मोर्बा, साई, म्हसळा, बोर्ली पंचतन करत दिवेआगर. अंतर पन्नासेक किलोमीटर, पण चढ लहान आणि अंगावर येणारे. घोणसे घाटाची वळणं तीव्र आहेत, तिथे वेग आवरा. सहाला निघालात तर वारा सुटायच्या आत सुरूच्या बनात टेकाल. कोकणातला दमटपणा घाम वाळू देत नाही, त्यामुळे पाण्यात मीठ-साखर घालून घोट घोट पीत राहा. नुसत्या पाण्यावर पोटऱ्यांत गोळे येतात.

तिसरा दिवस या वाटेचा जीव. दिवेआगर–भरडखोल–शेखाडी–श्रीवर्धन हा रस्ता समुद्राला चिकटून जातो. उजवीकडे खाली खडकांवर लाटा, डावीकडे डोंगर. तो पहाटेच धरा. तेव्हा मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा असतो, तोही मंद. उशीर झालाच तरी याच दिशेने जा. दुपारचा वारा बहुधा वायव्येकडून येतो, म्हणजे उजव्या खांद्यामागून ढकलतो. उलट येताना तोच डाव्या बाजूने समोरून लागतो आणि रस्त्याच्या मधोमध लोटतो. डोंगराच्या आडोशातून वळणाबाहेर पडताच झोत एकदम बसतो. त्या क्षणी हँडल सैल पण दोन्ही हातांत ठेवा, अंग खाली घ्या. पुढच्या चाकाला उंच रिम किंवा पुढे रुंद बॅगा असतील तर हा झोत दुप्पट जाणवतो. सामान मागेच बांधा.

श्रीवर्धनच्या वाड्यांमधली रोठा सुपारी प्रसिद्ध. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात इथल्या बागा आडव्या झाल्या. पोफळीला फळ धरायला वर्षं लागतात, म्हणून बागायतदाराकडूनच सुपारी घ्या. पिशवीत जागा काढाच.

परतीला विळ्यापासून ताम्हिणी चढायची असेल तर उन्हाआधी पायथ्याशी असा. आणि सायकल वाळूवर अजिबात चालवू नका. ओल्या तेलाला वाळू चिकटून साखळी घासली जाते, खारट हवेने बोल्ट गंजतात. मुक्कामी रोज गोड्या पाण्याने सायकल धुवा, साखळी कोरडी पुसा आणि दर कडीला एकच थेंब तेल द्या.