सहाशेला दोन क्लिक जास्त

टेबलावर दोन स्कोप, म्हणजे रायफलवर बसवायच्या दुर्बिणी, होते आणि त्यातला एक निवडायचा होता. खरेदी एका दलाच्या स्नायपर टीमसाठी होती. रायफल ७.६२ × ५१ ची बोल्ट अ‍ॅक्शन, आणि ट्रायल बोर्डावर तांत्रिक सभासद म्हणून मी. दलाचं नाव सांगणार नाही, कंपन्यांचंही नाही. मी फौजेत आर्मोरर, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारा, होतो, निवृत्तीनंतर इंदूरलाच राहिलो. हा भाग नेमबाजांचाच आहे. महूला इन्फन्ट्री स्कूल, आर्मी मार्क्समनशिप युनिटही तिथलंच. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये २५ मीटर रॅपिड फायर पिस्तुलात रौप्य मिळवणारे विजय कुमार त्याच युनिटचे. त्यामुळे बंदुकीवर अधिकाराने बोलणारी माणसं इथे पुष्कळ भेटतात. पण स्कोपचा विषय निघाला की प्रश्न एकच येतो: किती पट दिसतं?

टेंडरमध्येही तेच होतं. ‘किमान २५ पट’ ही अट सगळ्यात वर. कुणीतरी माहितीपत्रकातून उतरवलेली असणार, हे भाषेवरूनच कळत होतं. ड्रागुनोव या रशियन स्नायपर रायफलवरचा पीएसओ-१ स्कोप मी कितीतरी वेळा उघडून साफ केलाय. तो चारच पट आहे. त्याच्या टरेटवर, म्हणजे नेम वर-खाली करायला फिरवायच्या चकतीवर, १००० मीटरपर्यंतचे आकडे आहेत आणि रेटिकलमध्ये, म्हणजे आत दिसणाऱ्या रेघा-खुणांमध्ये, १.७ मीटर उंचीच्या माणसावरून अंतर काढायची वक्र रेघ आहे. त्या चार पटीवर माणसांनी आयुष्यभर काम केलं. २५ पट वाईट नाही, पण माळव्याच्या काळ्या जमिनीवर एप्रिलमध्ये सकाळचे दहा वाजून गेले की २५ वर टार्गेट उकळताना दिसतं. हवा तापते, तिची थरथर म्हणजे मिराज चढतो, आणि जितकं मोठं करून पाहाल तितका तोही मोठा होतो. शिवाय ५० मिलिमीटरच्या भिंगाला २५ पटीवर डोळ्याशी येणारा प्रकाशाचा झोत २ मिलिमीटरचा उरतो. डोकं जरा हललं की चित्र काळं. टीममधला प्रत्येक चांगला फायरर १० ते १२ वर आणूनच गोळी चालवतो. हे टेंडर लिहिणाऱ्याने एकाही फायररला विचारलं नव्हतं.

पहिला स्कोप २५ पटीचा, स्वस्त, कागदावर सगळ्या अटी पुऱ्या करणारा. दुसरा २० पटीवर थांबणारा, म्हणून तांत्रिकदृष्ट्या आधीच अर्धा बाद. दोन्ही मिलवाले, म्हणजे मिल या कोनाच्या मापात चालणारे, दोन्हींत रेटिकल पुढच्या प्रतलात, म्हणजे पट बदलली तरी रेटिकलची मापं बदलत नाहीत. एवढं मात्र टेंडरमध्ये बरोबर लिहिलेलं होतं. नाहीतर रेटिकल मिलमध्ये आणि टरेट एमओए या दुसऱ्याच कोनमापात असली जोडीसुद्धा मी पाहिली आहे. अशा वेळी फायररला दर दुरुस्तीला ३.४४ ने गुणत बसावं लागतं.

स्कोप मी स्वतः चढवले. बटवर, म्हणजे टार्गेटमागच्या बांधावर, ओळंबा लटकवून रेटिकलची उभी रेघ त्याच्याशी जुळवली. ही गोष्ट लोक नजरेच्या अंदाजावर सोडतात. तीन अंश तिरपं बसलं तर सहाशे मीटरला साधारण साडेचार मिल वर घेताना गोळी चौदा सेंटीमीटर बाजूला जाते, आणि माणूस वाऱ्याला दोष देत राहतो. स्कोप धरणाऱ्या रिंगचे स्क्रू टॉर्क रेंचने, कंपनीने दिलेल्या आकड्यावर, त्यांच्या प्रतिनिधीसमोर आवळले. त्याला आकडा वाचून दाखवला आणि वहीत त्याची सही घेतली. ही सही पुढे कामाला आली.

फायरिंग एका तरुण हवालदाराने केलं. देवासचा मराठी मुलगा, टीममधला सगळ्यात चांगला हात. शंभर मीटरला झिरो, म्हणजे नेम आणि गोळी एका जागी जुळवून घेणं, मग तीनशे, मग सहाशे. पहिल्या स्कोपवर तिन्ही अंतरांवर गोळ्यांचा ग्रुप मधोमध. दुसऱ्यावरही तसेच. अध्यक्षसाहेब समाधानाने उठले. गोळ्या दोन्हींनी बसल्या, एक स्वस्त आहे आणि अटीत बसतो, म्हणजे विषय संपला. कागद सहीसाठी तयार होत होता.

मुलगा रायफल साफ करत होता. मी जवळ बसलो तेव्हा तो सहज म्हणाला, “काका, या पहिल्यावर सहाशेला दोन क्लिक जास्त लावावे लागतात. मग बरोबर बसते.”

सँपल आठवडाभर आधीपासून टीमकडे सरावाला होतं. त्याला त्या स्कोपची खोड कळली होती, आणि चांगल्या फायररने करावं तेच त्याने केलं होतं. कुठल्या अंतराला किती वर घ्यायचं ते तक्ता सांगतो, त्यावर दोन क्लिक चढवायचे. क्लिक म्हणजे टरेटचा एक टप्पा, मिलचा दहावा भाग. कुणी विचारलं नाही, म्हणून तो बोलला नाही. त्याचा यात काडीचाही दोष नाही. पण मी तिथेच थबकलो, कारण सकाळचा सगळा निकाल स्कोपचा नव्हता, त्या मुलाचा होता.

माझ्याकडे एक क्लॅम्प आहे. इंदूरच्याच पोलोग्राउंडच्या एका वर्कशॉपमधून बनवून घेतलेला जड पोलादी ठोकळा, वर रेलचा तुकडा. स्कोप त्यावर चढवायचा, ठोकळा हलणार नाही असा बसवायचा आणि एकही गोळी न मारता टरेट तपासायचा. एक मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग, शंभर मीटरला दहा सेंटीमीटर. तेव्हा दहा मिल फिरवले की मध्यबिंदू पट्टीवर बरोबर एक मीटर सरकायला हवा. पट्टी ओळंब्यात, अंतर पोलादी टेपने, आणि तेही फायरिंग पॉइंटच्या दगडापासून नाही, स्कोपपासून मोजलेलं. दुसरा स्कोप एक मीटर सरकला, परत फिरवल्यावर मूळ रेघेवर आला. पहिला ९६ सेंटीमीटरवर थांबला. पुन्हा केलं, पुन्हा ९६. परत झिरोवर मात्र तो चोख येत होता. त्यामुळेच शंभरच्या झिरोवर हा दोष कधीच दिसत नाही.

शेकडा चार. सहाशेला साडेचार मिलमध्ये ही तूट ०.१८ होते, म्हणजेच मुलाचे दोन क्लिक. आठशेला सात-साडेसात मिल लागतात, तिथे तूट तीन क्लिकची, चोवीस सेंटीमीटरची. ओलीस ठेवलेल्या माणसामागे कुणी उभा असेल तर चोवीस सेंटीमीटर म्हणजे काय, हे मी लिहायला नको.

प्रतिनिधी हुशार होता. आधी म्हणाला, रिंग जास्त आवळली असेल, नळी दबली की आतली रचना अडकते. हे खरंच घडतं, पण वहीत त्याचीच सही होती. मग म्हणाला, रेंज जुनी आहे, शंभर यार्डांची असेल. यार्डांची असती तर ९१ आलं असतं, ९६ नाही. तरी त्याचं समाधान होईना, तेव्हा मी म्हटलं, अंतर सोडून द्या. रेटिकलच्या खालच्या दहाव्या खुणेवर पट्टीची एक रेघ बसवली आणि टरेट दहा मिल वर फिरवला. अंतर काहीही असो, मध्यबिंदू आता त्याच रेघेवर यायला हवा. तो जवळजवळ अर्धा मिल अलीकडे राहिला. त्याच स्कोपचं रेटिकल आणि त्याच स्कोपचा टरेट एकमेकांशी जुळत नव्हते. अध्यक्षसाहेबांना मी डोळा लावून पाहायला सांगितलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

तरी त्यांचा प्रश्न होताच, की गोळ्या तर बसल्या ना? मी दुसरा फायरर मागितला, ज्याने हे सँपल हातात घेतलेलं नव्हतं. पहिला स्कोप पुन्हा चढवला, शंभरला झिरो केला, तक्त्यातला आकडा दिला आणि सांगितलं, स्वतःचं डोकं लावायचं नाही. सहाशेला ग्रुप छान आला, पण दहा-अकरा सेंटीमीटर खाली. त्याच रायफलवर, त्याच लॉटच्या गोळ्यांनी दुसरा स्कोप मधोमध. सराफ्यातल्या काट्याला वजन खोटं असलं तर सराफाचा हात कितीही सरळ असून उपयोग काय?

मी सही केली नाही. मोजमापं जोडून वेगळा शेरा लिहिला आणि बोर्डाने ट्रायल पुन्हा घ्यायचं ठरवलं. खरेदी शाखेतून एक-दोघांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की फाइल एकदा मागे गेली की वर्ष जातं, टीमला काहीच मिळणार नाही. हे खोटं नाही, आणि मला ते डाचतं. तो मुलगा आज जुन्याच स्कोपवर काम करतोय. पण चुकीचा टरेट मिळण्यापेक्षा जुना बरा, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. एका हुशार हवालदाराच्या डोक्यात दुरुस्ती बसते. त्याची बदली झाल्यावर ती रायफल ज्याच्या हातात येईल त्याच्या डोक्यात ती नसते.

मुलाला मी एवढंच सांगितलं की डेटा बुकमध्ये, म्हणजे फायररच्या नोंदवहीत, दोन रकाने कर. एकात तक्ता काय म्हणतो, दुसऱ्यात तू प्रत्यक्ष काय लावलंस. फरक दिसला की तो फक्त पचवायचा नाही, लेखी वर कळवायचा. तो आता तसं करतो.

नव्या अटींचा मसुदा मला पाहायला आला. ‘किमान २५ पट’ काढलंय. दहा मिलला शेकडा एकपेक्षा जास्त चूक चालणार नाही, आणि तपासणी क्लॅम्पवर, गोळीविना व्हावी, असं कलम मी घातलंय. आता अडलंय ते एवढ्यावर: तपासणी फक्त सँपलची की पुरवठ्यातल्या प्रत्येक नगाची? शाखेचं म्हणणं, सँपल पुरे. माझं म्हणणं, एका सँपलवरून बाकीच्यांचा भरवसा देता येत नाही, एका नगाला पंधरा मिनिटं लागतात, क्लॅम्प मी देतो आणि माणसंही शिकवतो. त्या ओळीवर अजून सही झालेली नाही.