तुम्ही विचारलंत म्हणून: नवख्यांमागे एवढा वेळ का?

विकिपीडियावरचे जुने संपादक मला हा प्रश्न हमखास विचारतात. स्वतःचे लेख लिहायचे सोडून तुम्ही नव्या सदस्यांच्या मागे काय लागता, बहुतेक तर टिकतही नाहीत! म्हणणं खोटं नाही. बरेच जण खातं उघडतात, एखाददुसरं संपादन करतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. ते का जातात, याबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे.

ज्याला मुळातच गोडी नाही तो जाणारच, त्याला धरून ठेवण्यात अर्थ नाही. पण लेख वाचताना चूक दिसली म्हणून एखादा धीर करून ती दुरुस्त करतो, जतन करतो आणि थोड्या वेळानं बघतो तर सगळं पूर्ववत. लेखाच्या 'इतिहासात', म्हणजे झालेल्या बदलांच्या यादीत, कारण म्हणून एकच शब्द, 'असंदर्भित' (माहिती कुठून घेतली ते दिलेलं नाही), आणि त्याच्या चर्चापानावर इशाऱ्याचा साचा, म्हणजे सगळ्यांना तोच डकवायचा तयार मजकूर. उलटवणाऱ्यानं नियमाप्रमाणेच केलेलं असतं. 'अलीकडील बदल' या ताज्या संपादनांच्या यादीवर नजर ठेवणाऱ्यासमोर ओळींमागून ओळी येत असतात, प्रत्येकीमागे कोण बसलंय याचा विचार तो करत नाही. समोरच्याला मात्र आपल्याला हाकललं असंच वाटतं.

हे नुसतं माझं वाटणं नाही. इंग्रजी विकिपीडियावर सक्रिय संपादकांची संख्या २००७ च्या सुमारास सर्वाधिक होती, नंतर ती घसरत गेली. २०१३ मध्ये ॲरन हाफेकर आणि सहकाऱ्यांनी या घसरणीचा अभ्यास प्रसिद्ध केला. खोडसाळपणा रोखायला आणलेली अर्धस्वयंचलित साधनं आणि घट्ट होत गेलेले नियम यांच्या कचाट्यात चांगल्या हेतूनं आलेले नवखेही सापडत होते आणि परत येत नव्हते, असं त्यात दिसलं. खरं तर 'नवख्यांना चावू नका' हे मार्गदर्शक तत्त्व तिथे कितीतरी आधीपासून होतं. पण चावणाऱ्याला आपण चावतोय हे कळतच नाही, ही त्यातली गोम.

म्हणून मी स्वागताचा साचा डकवण्याआधी त्या माणसानं काय केलंय ते बघते. साच्यात दुव्यांची रांग असते, ती कुणी वाचत नाही. त्यापेक्षा दोन वाक्यं लिहावीत: तुम्ही धरणाची उंची बदललीत, आकडा बरोबर वाटतो, पण तो कुठून घेतलात तेवढं जोडा, म्हणजे कुणी काढणार नाही. दृश्य संपादकात (छापल्यासारखं दिसणाऱ्या पानावरच लिहू देणाऱ्या साधनात) दुवा चिकटवला की बऱ्याचदा संदर्भ आपोआप तयार होतो, हे कळल्यावर निम्मी भीती जाते. उरलेली 'इतिहास' दाखवल्यावर जाते. माझ्या मते नव्या माणसाला 'संपादन'च्या आधी 'इतिहास' दाखवावा. आपण काहीही मोडलं तरी आधीची आवृत्ती तिथे शाबूत आहे, हे बघितलं की हात मोकळा होतो. त्याच दमात धूळपाटी नावाच्या पानाबद्दलही सांगते: ती सरावासाठी असली तरी खाजगी नाही, तिथे स्वतःचा फोन नंबर लिहू नका.

सगळ्यात जास्त वेळ प्रताधिकारावर जातो. कुठल्या तरी संकेतस्थळावरचा उतारा जसाच्या तसा आलेला असतो आणि वर विचारणा, 'मी खाली त्यांचं नाव दिलंय ना?' नाव देणं वेगळं आणि परवानगी असणं वेगळं, हे पटवायला वेळ लागतो. इथला मजकूर अशा परवान्याखाली असतो की श्रेय देऊन आणि तोच परवाना पुढे ठेवून कुणीही तो वापरू शकतो, अगदी छापून विकूही शकतो. जे आपलं नाहीच ते असं वाटून टाकायचा हक्क आपल्याला कसा असेल? इथे मी भिडस्तपणा करत नाही, मजकूर लगेच काढते. फक्त का काढला ते पूर्ण लिहिते आणि तीच माहिती तुमच्या शब्दांत लिहा, असं सुचवते. स्वतःच्या किंवा संस्थेच्या कौतुकाचा लेख घेऊन आलेल्यांनाही सरळ सांगते, हे इथे चालणार नाही. पैसे घेऊन लिहीत असाल तर तसं जाहीर करणं २०१४ पासून वापराच्या अटींनुसार बंधनकारक आहे. काही जण रागावून जातात. जाऊ देत.

बहुतेकांना पहिल्याच दिवशी नवा लेख लिहायचा असतो. मी शक्यतो थांबवते. आधी असलेल्या लेखाला संदर्भ जोडा, मेलेला दुवा बदला, शुद्धलेखन तपासा. आता अनेक भाषांच्या विकिपीडियांवर नव्या सदस्याला अशी सोपी कामं सुचवणारं मुखपृष्ठ आणि प्रश्न विचारायला एक मार्गदर्शक मिळतो, हे फार चांगलं झालं. मार्गदर्शकाचा मोह एकच, सगळं स्वतः दुरुस्त करून टाकण्याचा. मी एक संदर्भ नीट करून दाखवते आणि बाकीचे तसेच सोडते. लेख चार दिवस ओबडधोबड राहिला तरी चालेल.

नव्यांना संपादन शिकवायच्या कार्यशाळांबद्दलही विचारता म्हणून सांगते, किती लेख झाले यावरून कार्यशाळा मोजू नका. घाईत झालेले लेख पुढे वगळले जातात आणि लिहिणारा दुखावतो. शिवाय साधी अडचण आधी सोडवा: एका आयपी पत्त्यावरून, म्हणजे साधारण एका इंटरनेट जोडणीवरून, दिवसाला सहाच खाती उघडता येतात, सातवा तसाच बसून राहतो. सूट आधी मागून ठेवता येते, नाहीतर सगळ्यांना घरूनच खातं उघडून यायला सांगावं.

तर माझे स्वतःचे लेख मागे पडतात, हे कबूल. पण हा प्रश्न विचारणाऱ्यांकडे माझी उलट मागणी आहे. नव्या माणसाचं संपादन उलटवताना सारांशाच्या चौकटीत, जिथे बदलाचं कारण लिहितात तिथे, एक अख्खं वाक्य लिहा. एवढे बदल तपासायचे, वाक्यं कधी लिहीत बसणार, असं उत्तर चावडीवर, म्हणजे संपादकांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, मिळतं. शिव्या लिहून गेलेल्यासाठी नका लिहू. ज्याच्या हेतूबद्दल शंका आहे त्याच्यासाठी लिहा, आणि असे बदल एका बैठकीत मोजकेच निघतात.