जुन्या बाजारातले लोखंड

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मी एक गंजलेली वस्तू घेतली, ती विक्रेत्याने दाराची कडी म्हणून दिली आणि घरी आईने पाळण्याची ठरवली. दोन आखूड कांड्या मधोमध एकमेकींत अडकवलेल्या, बाहेरच्या टोकांना एकेक कडे, आणि कांड्यांवर झिजून बोथट झालेले काटे. दाराला किंवा पाळण्याला काटे कशाला हवेत, या शंकेने मी घोड्याच्या तोंडापर्यंत पोहोचलो.

लगाम म्हटले की आपल्याला चामड्याचा पट्टा आठवतो. खरा कारभार मात्र तोंडातल्या लोखंडाकडे, म्हणजे कडियाळ्याकडे असतो. घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्या दरम्यान नुसत्या हिरडीची एक मोकळी जागा असते, तिथे ते बसते. निसर्गाने ही जागा स्वारासाठी राखली नसावी, पण माणसाने ती हेरली. त्यामुळे अनोळखी कडियाळे हाती आले, तर त्याच्या नक्षीपेक्षा ते कुठे दाबते हे आधी पाहावे. मध्ये सांधा असेल, तर ओढताच ते अडकित्त्यासारखे मिटते. बाजूंना लांब दांड्या आणि हनुवटीखाली साखळी असेल, तर ती तरफ झाली. हाताची थोडीशी ओढ जबड्यावर कितीतरी पटींनी पोहोचते. अरबी धाटणीच्या एका प्रकारात तोंडातल्या कमानीला एक मोठे कडे जोडलेले असते आणि ते खालच्या जबड्याभोवती बसते. असे कडियाळे सुटे सापडले, तर ते घोड्याचे आहे हे पटवून द्यायलाच अर्धा दिवस जाईल.

काटेही काही अलीकडचे नाहीत. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात क्सेनोफोन या ग्रीक लेखकाने अश्वारोहणावर लिहिताना गुळगुळीत आणि काटेरी असे दोन्ही प्रकार वर्णिले आहेत. आपल्याकडे काटेरी लगामाला कायद्याने बंदी आली ती १९६५च्या नियमांनी. आकारावरून वय सांगण्याचा मोह म्हणूनच आवरावा लागतो. नागपूरजवळच्या माहुरझरीला १९७०-७२मध्ये पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी शिळावर्तुळे, म्हणजे दफनांभोवती रचलेली दगडांची वर्तुळे, उत्खनित केली, तेव्हा मृतांसोबत पुरलेले घोडे, त्यांच्या मस्तकावरचे तांब्याचे अलंकार आणि लोखंडी लगाम सापडले. ते इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातले. तरीही लोखंडाला द्यायची कामगिरी तेव्हाही हीच होती.

माझे कडियाळे इतके मानाचे नाही. आतली रुंदी जेमतेम अकरा सेंटीमीटर भरते, म्हणजे ते एखाद्या तट्टाचे असावे. मात्र डावे कडे आतून उजव्यापेक्षा बरेच जास्त झिजले आहे. ते तट्टू रोज त्याच वळणावर डावीकडे वळत असावे, नाहीतर हाकणाऱ्याचा डावा हात जड असावा.